दारात आलेली मोटार

पेट्रोलचा वास आला की मला सोलापुरातली ती म्युनिसिपालिटीची निवडणूक आठवते. तेव्हा मत घरवाल्यांनाच असे. मी गिरणीत काम करणारी भाडेकरीण. घरमालकीण माझ्याच वयाची, नवऱ्यामागं घर तिच्या नावावर झालेलं, म्हणून तिला मत. तिला न्यायला एका उमेदवाराची मोटार बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली. नवं इरकली लुगडं नेसून ती निघाली आणि मी विहिरीवरून आणलेली घागर कमरेवर घेऊन बघत राहिले. बोळात नळ आणीन असं दुसरा उमेदवार म्हणाला होता. ते गिरणीच्या फाटकावरच्या सभेत मी ऐकलं होतं, तिनं नव्हतं. मोटारीत पाय ठेवताना ती वळली. "कुणाचं नाव सांगू गं? तुला ठावं असतंय की." माझा नुसता जळफळाट झाला होता. "मला काय ठावं? मला मत न्हाय," मी म्हणाले. लिहितावाचता न येणाऱ्यांना तेव्हा मत देताना साहेबाला नाव तोंडी सांगावं लागे. मग ज्याची मोटार, त्याचंच नाव ती सांगून आली. तो निवडून आला, आणि पुढं कित्येक वर्षं मी विहिरीचं पाणी ओढलं. आता मलाही मत आहे. द्यायला चालत जाते, पण निघताना बोळाच्या तोंडाशी क्षणभर थांबून रस्त्याकडं बघते.