उलटे खिसे

माझा चुलत भाऊ पुढारी आहे. सगळं बेलवली गाव त्याला दादा म्हणतं, मीही लहानपणापासून म्हणत आले. भूमिपुत्रांच्या हक्कांसाठी लढणारी एक संघटना तो चालवतो. माझा नवरा बिहारचा. आनंदनगरच्या एका कंपनीत तो फिटर होता आणि मी पॅकिंगला. लग्न करून आम्ही बुवापाड्यात खोली घेतली. या लग्नाबद्दल दादाने मला माफ केलं नाही. मी त्याला पुढच्या गोष्टीबद्दल माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माहेरच्या गणपतीला पिढीजात सोन्याची कंठी घालतात. निरोपाची आरती झाली की घरातली मोठी बाई, म्हणजे माझी आई, ती उतरवते आणि मगच मूर्ती उंबऱ्याबाहेर पडते. मूर्ती डोक्यावर घ्यायचा मान जावयाचा. त्या वर्षी आईने कंठीला हात घातला आणि तेवढ्यात दादा कार्यकर्त्यांना घेऊन आत आला. त्याला पोस्टरसाठी फोटो हवे होते.

"काकी, आता नको काढूस," तो म्हणाला. "फोटोत दिसली पायजे. तलावावर गेलो का मी काढतो ना."

मी शेजारीच उभी होते.

तलावावर ढोल, फटाके आणि फोटोच फोटो. फोटोंच्या नादात दादा कंठी विसरला. गळाभर हार आणि दुर्वा, त्याखालचं कुणाला दिसतंय? माझा नवरा छातीभर पाण्यात गेला, मोरया म्हणाला आणि त्याने मूर्ती सोडली. घरी आल्यावर आईने कंठी मागितली. दादाचा चेहरा पडला. मग तो सावरला आणि म्हणाला, "जावयाला विचारा. पाण्यात त्याचा हात बाप्पाच्या गळ्यावर होता, मी बघितलाय."

दुसऱ्या दिवशी त्याने चौकीवर मोर्चा नेला. परप्रांतीयाला घरात घेतलं की असंच होतं, असं तो माईकवरून ओरडत होता आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या लग्नात जेवून गेलेली माणसं होती. मी खरं सांगितलं. बायको नवऱ्याचीच बाजू घेणार, म्हणून ते कुणी ऐकलं नाही. तलावात शोधा म्हटलं तर दादाने कानांना हात लावले. विसर्जन केलेल्या बाप्पाला वर काढायचं म्हणजे पाप. आई पदराशी चाळा करत गप्प बसली. तिलाही मी विसरलेली नाही.

पोलिसांनी नवऱ्याला आत टाकलं. जामीन मिळेपर्यंत दिवाळी उलटली आणि कंपनीने त्याला काढून टाकलं. तो घरी आला तो एक सवय घेऊनच. कुणाच्याही घरून निघताना दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचा आणि हसायचा. शेजारीण चहाला बोलवायची, तिच्याही दारात तेच. मी ओरडले की म्हणायचा, "अच्छा रहता है, बाद में कोई बोले नहीं।" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

उन्हाळ्यात तलाव आटला आणि गाळ काढायला जेसीबी लावला. आमची प्लास्टरची मूर्ती रंग उडालेली, पण अख्खी वर आली. गळ्यात चिखलाने माखलेली कंठी होती. बाप्पानेच न्याय केला, असा स्टेटस दादाने ठेवला. आमच्या घरी मात्र तो आला नाही.

आला तो निवडणूक तोंडावर आल्यावर, मिठाई घेऊन. तोवर भैया म्हणणारा आता "दाजी, दाजी" करत होता. नदीकाठी त्याची संघटना छठपूजेचा मांडव घालणार होती आणि तिथे त्याला दाजींचा सत्कार करायचा होता. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. नवरा म्हणाला, "छोड़ ना अब।" मी येते म्हणाले. सोडायला नव्हे.

मांडवात बिहारची, युपीची बायकामाणसं सूप घेऊन उभी होती. दादाने नवऱ्याला शाल पांघरली, नारळ दिला आणि एक छोटासा गैरसमज झाला होता म्हणाला. मी माईक घेतला. त्याच्या नव्या मतदारांना नीट कळावं म्हणून सगळं हिंदीतून सांगितलं, अगदी आरतीपासून. शेवटी विचारलं, "दादा, कंठी काढू नका असं कोण म्हणालं होतं?"

"आता ही वेळ हाय का, बाय?" म्हणत त्याने माईककडे हात केला. मी माईक दुसऱ्या हातात घेतला आणि तेच पुन्हा विचारलं. गर्दीत कुजबुज वाढत गेली. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

नवरा उठला. स्टेजच्या पायरीपाशी थांबला, दादाकडे वळला, शाल सावरत दोन्ही खिसे उलटे करून दाखवले आणि हसला. टोमणा नव्हता तो, नुसती सवय होती. कुजबुज थांबली. पुढे होऊन मीच ते खिसे आत सारले.

दादा पडावा म्हणून मी दारोदार फिरले आणि तो पडला. त्या रात्री मी गोड केलं. सकाळी नवरा नव्या कामावर निघाला. दारात थांबून, आमच्याच दारात, त्याने माझ्याकडे बघत खिसे बाहेर काढले.