लाइन ठीक आहे

नागपुरात हुडकेश्वरच्या त्या घरी मी अकरा वेळा गेलो आणि अकराही वेळा कागदावर एकच वाक्य लिहून आलो: लाइन ठीक आहे. मी धर्मेंद्र. घरोघरी वायफाय बसवतो, बिघडलं की दुरुस्त करतो. डोकं माझं लवकर तापतं. ज्या घरून दोनपेक्षा जास्त तक्रारी येतात त्या घरावर माझा राग बसतो, आणि रुचिकाच्या घरावर तर चांगलाच बसला होता.

रुचिका छत्तीसची, विणकराची मुलगी. वडील ताराचंद हातमागावर लुगडी विणायचे. माग केव्हाच मोडीत गेला, पण घराची शिस्त मागावरचीच राहिली. उजेड असेपर्यंत दिवा लावायचा नाही, खोलीतून उठलं की पंखा बंद. तिकडे मौद्याला एवढी वीज तयार होते, पण या घरात ती तुपासारखी बेताबेतानं वाढली जायची.

तीन वर्षांपूर्वी ताराचंदना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. त्यांचं बोलणं फक्त रुचिकाला कळायचं, कारण ती शब्द पुरा होईपर्यंत खाटेजवळ गप्प बसून राहायची. भाऊ हेमराज पारशिवनीला असतो. तो म्हणायचा, बाबांना माझ्याकडे पाठव. पण तिथे त्यांचं बोलणं कोण समजून घेणार? म्हणून रुचिकानं घरबसल्या काम धरलं. एका विमा कंपनीला रुग्णांचे फोन यायचे, ते ती लॅपटॉपवरून घ्यायची. हे काम टिकलं तर बाबा घरात राहणार होते, सुटलं तर नाही.

आणि बाई कामाला पक्की होती. कानाला हेडफोन लावला की तिचं नागपुरी मले-तुले कुठल्या कुठे जायचं. “नमस्कार, मी आपल्याला काय मदत करू?” असं ऐकलं तेव्हा मला वाटलं, घरात पुण्याची पाहुणी आली आहे.

पण महिन्याभरात तक्रार सुरू झाली. समोरच्याचं बोलणं मध्येच तुटतं. रुचिका विचारायची, “पुन्हा सांगता का?” आजारी माणसाला तीनतीनदा सांगायला लावलं की तो चिडणारच. तिच्या वरिष्ठ मयुरा मॅडमनी रेकॉर्डिंग काढून ऐकलं. कंपनीकडच्या रेकॉर्डिंगमध्ये रुग्णाचा आवाज एकदम स्वच्छ, आणि तरी ही आपली विचारतेय, पुन्हा सांगा. तुटत होता तो आवाज रुचिकापर्यंत येताना, पण हे कोणाला दिसणार! शेरा आला: लक्ष देऊन ऐकत नाही. रुचिका बिचारी कान तपासून आली. कान चांगले निघाले.

दर वेळी मी जायचो, लॅपटॉपसमोर बसायचो, स्पीड तपासायचो, एक व्हिडिओ लावायचो. सगळं धडाधड चालायचं.

“हे पाहा ताई, पळून राहिलं.”

“तुम्ही बसले की पळते भाऊ. मी बसली की अडकते.”

मी राउटर बदलला, वायर बदलली, डबा खिडकीतून काढून कपाटावर ठेवला. काही उपयोग नाही. अकराव्या वेळी माझा तोल सुटला. “ताई, लाइन ठीक हाय. तुमचंच ध्यान नाही कामात,” मी म्हणालो, चांगलं मोठ्यानं. खाटेवरून ताराचंद काहीतरी पुटपुटले. मला कळलं नाही. रुचिकाला कळलं, तिनं मान खाली घातली. मी विचारलंही नाही.

मयुरा मॅडमनी शेवटची संधी म्हणून लाइनचा अहवाल मागवला होता. तो मीच पाठवला: लाइन ठीक आहे. आठवड्यात काम गेलं. हेमराज गाडी घेऊन आला, बाबांना पारशिवनीला घेऊन गेला. रुचिका इतवारीत साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहू लागली.

चार महिन्यांनी आमच्या ऑफिसात पियुष नावाच्या ग्राहकानं लॅपटॉप आणला. अगदी रुचिकाकडे होता तसाच, आणि तक्रारही तीच. मी त्यावर नुसता आवाजाचा कॉल चालू ठेवला आणि सहज त्यात एक मोठी फाइल कॉपीला लावली. कॉपी चालू होती तोवर लाइन सरळ. कॉपी संपली आणि ती अडखळायला लागली. पुन्हा लावली, पुन्हा सरळ. मी त्याची सेटिंग उघडून पाहिली.

प्रोसेसर म्हणजे यंत्राचं डोकं. वीज वाचवायची सेटिंग लावली की ते जरा रिकामं होताच डुलकी घेतं. हवेतून येणारे आवाजाचे तुकडे ते जागं होईपर्यंत ताटकळतात, काही वाया जातात. जड काम दिलं तर ते झोपतच नाही. म्हणजे तपासणी लावून त्याला जागं ठेवणारा मीच होतो. आणि रुचिका गप्प बसून मन लावून ऐकायची, तेव्हा ते झोपायचं. ती सेटिंग पहिल्याच दिवशी तिनं माझ्यासमोर लावली होती, सर्वात जास्त बचतीवर. बापाची शिकवण. मी वर शाब्बास म्हणालो होतो!

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. खाट दिसली नाही. ताराचंद पौषातच पारशिवनीला वारले, असं तिनं सांगितलं. मी तिथूनच परतायला हवं होतं. पण मी बसलो आणि सगळं सांगितलं. तिनं एकदाही मध्ये न बोलता ऐकलं.

“बदलाले किती वेळ लागते?”

“एक मिनिट.”

तिनं खाट असायची त्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुम्ही ओरडले त्या दिवशी बाबा काय म्हणाले, मालूम हाय? म्हणे, मी इथून गेलो की पोरीचं ध्यान लागन. काम सुटलं तरी तेच धरून घरातून गेले ते. हेमराजसोबत जाले त्याच्याआधी कधी तयार नव्हते झाले.”

तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“माहीच चूक हाय म्हणून मी गप बसली होती भाऊ. तेवढं तरी जमून राहिलं होतं. आता हे मले काहून सांगतलं?”

मला माफी हवी होती म्हणून सांगितलं होतं. ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.