देवाची उजवी बाजू

गोरेगावला आमच्या चाळीत कुणाची इस्त्री बिघडली की पहिली हाक मला यायची. मी तेव्हा दहावीला. बाबांनी भंगारातून आणलेला टेबल फॅनही मीच उघडून चालू केला होता. त्याची मान तेवढी फिरायची नाही. जिकडे तोंड करून ठेवू तिकडेच वारा घालायचा, तोसुद्धा खडखड करत. पण चालायचा! मला त्याचा काय माज होता म्हणून सांगू.

दहावीला मार्क झकास पडले. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई स्वतः फॉर्म घेऊन घरी आल्या, तंत्रनिकेतनाचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचा. आईला म्हणाल्या, "हिला टायपिंगला घालून वाया नका घालवू." आई चौथी शिकलेली. तिची शाळा का सुटली ते ती कधी बोलायची नाही. तिने फॉर्म दोन्ही हातांनी घेतला आणि देव्हाऱ्यात ठेवला.

अडलं बाबांपाशी. गिरणी बंद पडल्यावर ते फिल्मच्या स्टुडिओत लाइटी ओढायच्या कामाला लागले होते. फॉर्म वाचून ते भडकलेच. "माझ्या डोळ्यांदेखत शॉक लागान माणूस काळोनिळो झालो. माझ्या चेडवाक मी थंय धाडूचंय नाय!"

"मग इस्त्र्या दुरुस्त करते तेव्हा बरं चालतं?" मी तोंड वर करून म्हणाले. एक फटका बसला. चार दिवस फॉर्म देव्हाऱ्यातच पडून राहिला. फॉर्म द्यायला एकच दिवस उरला आणि बाबांच्या सहीची जागा तशीच कोरी. बाई काय म्हणतील या विचाराने मला रडू फुटत होतं, आणि रडू येतंय म्हणून अजून राग येत होता.

शेवटी आईच म्हणाली, "देवाक इचारूया." कौल लावायचा. गावी देवळात गुरव लावतो, आमच्याकडे घरी बाबा लावायचे. जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या छातीवर चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर विषय संपला, मग बाबांपुढे ब्र काढायचा नाही.

माझं डोकं लगेच चाललं. पाकळी पाण्याने चिकटते, म्हणजे जी आधी वाळेल ती आधी पडेल. बाष्पीभवन, नववीचा धडा! सकाळी बाबा आंघोळीला गेले तसा मी फॅन स्टुलावर चढवला आणि त्याचं तोंड बरोब्बर उजव्या बाजूला केलं. देवाला फसवतेय हे कळत होतं, पण सही हवी होती मला.

बाबांनी पाकळ्या लावल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा..." आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. तेवढ्यात आई पुढे झाली. "पंखो हय कित्याक ठेवलंस? समई इझात ना गो!" आणि तिने फॅनचं तोंड सरळ डावीकडे वळवलं.

झालं, वाट लागली! मला ओरडताही येईना. काय म्हणून ओरडणार? डावीकडची पाकळी हलताना दिसली तशी मी डोळे गच्च मिटून घेतले.

मग बाबांचा आवाज आला, एकदम मऊ. "उजवो दिल्यान."

मी डोळे उघडले. माझ्या डावीकडची पाकळी पडली होती. देव आमच्याकडे तोंड करून बसलेला. त्याची उजवी बाजू म्हणजे माझी डावी! फॅन मी ठेवला तसाच राहिला असता तर माझ्याच हाताने माझा डिप्लोमा बुडाला असता. बाबांनी तिथेच पाटावर बसून सही केली. आई चहा टाकायला उठली.

पुढे मी टीव्ही जोडणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं काढली. बाबा अख्ख्या चाळीला सांगत फिरायचे, "देवान धाडल्यान तिका." ते जाईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. आता तो फॅन नाही, ती चाळही नाही, आणि "व्हय म्हाराजा" म्हणायला घरात दोघीच उरलो. फार आठवण येते त्या खडखडीची.

मागच्या वर्षी आई मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी सगळं कबूल करून टाकलं. म्हटलं, "बरं झालं बाई, समई विझेल म्हणून तू फॅन फिरवलास." आणि बोलता बोलताच मी थांबले. आमची समई दिवेलागणीला लागायची. सकाळी ती नुसतीच उभी असायची.

"आई! समई पेटलेली नव्हतीच!"

"एवढी शिकलंस, पण देवाचो उजवो खयचो ता तुका कळाक नाय," आई म्हणाली. मेथीची काडी मोडून तिने बाजूला टाकली. "माझ्या शाळेसाठी आयेन कौल लायलेलो. डावी पडली. तेवा आमच्या घरात पंखो नव्हतो."