गिरिजाबाईंच्या उपाशी कुंड्या

गिरिजाबाईंना कुणी उपाशी राहिलेलं बघवत नाही. हा गुण आहे असं तुम्हाला वाटेल. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो गुन्हा आहे.

इंदौरला मल्हारगंजच्या पलीकडे एक जुनं कॉलेज आहे. तिथल्या बॉटनी लॅबमध्ये बाई सत्तावीस वर्षं अटेंडंट आहेत. माहेर महूचं. आजोबा फौजेत स्वयंपाकी होते आणि पलटणीचं जेवण एक मिनिटही उशिरा गेलं नाही याचा त्यांना मेडलपेक्षा जास्त अभिमान होता. नातीने तेवढंच उचललं. डबा न आणता आलेली पोरगी बाई चेहऱ्यावरून ओळखतात आणि मायक्रोस्कोपच्या शेजारी तिच्यापुढे पराठा ठेवतात. ‘प्रयोगशाळेत खाऊ नये’ ही पाटी बाईंच्याच अक्षरात बाईंच्याच डोक्यावर लटकलेली असते.

आता प्रयोग समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. झाड मुळांनी पाणी पितं, पानांनी हवा घेतं, आणि ऊन मिळालं की पानाच्या हिरव्या मुदपाकखान्यात साखर रांधतं. उरलेली साखर स्टार्च करून पानातच साठवतं. स्टार्चवर आयोडीन टाकलं की निळंकाळं होतं. तेव्हा पानाचा एक भाग काळ्या कागदाने झाकायचा, कुंडी उन्हात ठेवायची आणि दुपारी दाखवायचं, की उघडा भाग निळाकाळा, झाकलेला फिका. म्हणजे उजेडाशिवाय स्वयंपाक नाही. मेख एवढीच, की आधीचा साठा पानात शिल्लक असला तर झाकलेला भागही निळाच होतो. म्हणून कुंड्या आधी दोन-तीन दिवस अंधाऱ्या कपाटात कोंडतात. पान आपलं साठवलेलं खाऊन संपवतं, कोठार रिकामं होतं, मग प्रयोग खरं बोलतो.

थोडक्यात, झाडाला उपाशी ठेवायचं. आणि हे काम कुणाचं? गिरिजाबाईंचं.

दत्तोपंत सर होते तोवर निभावलं. कपाटाची किल्ली ते जानव्याला बांधत. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, किल्ली बाईंकडे आली, आणि त्या वर्षापासून प्रॅक्टिकलच्या दिवशी प्रत्येक पान सगळंच्या सगळं निळंकाळं व्हायला लागलं. झाकलेलं काय, उघडं काय, एकच रंग. मुलं पुस्तकातली आकृती वहीत उतरवून मोकळी होत.

प्राचार्य प्रतापरावांना एवढं कारण पुरलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला स्वतःचं नाव फार आवडायचं. ते कॉलेजच्या गेटवर होतं, सायकल स्टँडवर होतं, वॉटर कूलरवर तर संगमरवरात होतं. आता त्यांना लॅबच्या जागी ‘स्मार्ट रूम’ हवी होती. भिंतीएवढा स्क्रीन, बटण दाबलं की पान निळं, तेही हवं तेवढंच.

“गिरिजाबाई, आपल्याला तळघरात रेकॉर्ड रूमला देतो,” ते म्हणाले. “आराम आहे. ना माती, ना कुंड्या.”

“आणि धूप, सर?”

“ट्यूबलाइट आहे ना.”

नोकरीची चार वर्षं राहिली होती आणि ती जुन्या फायलींच्या धुळीत काढायची! पण नव्या मॅडम, डॉक्टर वसुंधरा, सहा महिन्यांपूर्वी साताऱ्याहून आलेल्या, त्या भांडायला उभ्या राहिल्या. खरं झाड नसलेली बॉटनी म्हणजे काय, वगैरे. शेवटी प्रतापराव वैतागले. “ठीक आहे. सोमवारी दुपारी तीन वाजता येतो. झाकलेला भाग फिका दाखवा, लॅब राहील. नाही दिसला, तर मंगळवारी बाकं उचलणार.”

हे झालं गुरुवारी. त्याच संध्याकाळी जिरेनियमच्या सहा कुंड्या कपाटात गेल्या. शुक्रवारी सकाळी मॅडमनी कपाट उघडलं, तर आत मुंग्यांची शिस्तबद्ध रांग.

“गिरिजाताई, या मुंग्या कसल्या?”

“कुठे? अच्छा, ह्या. ह्या इथल्याच है, मॅडम. जुन्या है.”

मॅडमनी मातीत बोट घातलं आणि नाकाशी नेलं. “गूळ?”

“थोडासाच. पाण्यात घोळून.”

“सत्तावीस वर्षं या लॅबमध्ये आहात! झाड अन्न कुठे तयार करतं?”

“पानात,” बाईंनी फर्स्ट इयरच्या पोरांपेक्षा झटकन सांगितलं. “क्लोरोफिल, पाणी, कार्बन डायऑक्साइड, धूप. पाठ है मला. पण अलमारीत अंधार, म्हणजे त्यांचं किचन बंद. म्हटलं, बाहेरून डबा द्यावा.”

“झाडाला डबा चालत नाही हो! मुळं पाणी घेतात, क्षार घेतात. तुमचा गूळ मुंग्यांनी खाल्ला.” मॅडम थांबल्या. डोळे बारीक झाले. “पण गुळाने अख्खं पान निळं व्हायचं नाही. आणखी काय करता?”

बाई खिडकीबाहेर कबुतरं मोजायला लागल्या.

“गिरिजाताई.”

“संडेला जरा गच्चीवर काढते. चार-पाच तास फक्त! जेलमधल्या कैद्यालापण धूप देतात, मॅडम.”

मॅडम स्टुलावर बसल्या. तीन वर्षं हे कॉलेज ज्या कोड्यात पडलं होतं ते कोडं पदराला हात पुसत समोर उभं होतं. “तुम्ही दर रविवारी त्यांना पंगत वाढता,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि म्हणून आता तुम्ही तळघरात जाणार, आणि मी स्क्रीनचं बटण दाबणार.”

हे बाईंना आजवर कुणी असं जोडून सांगितलं नव्हतं. मॅडमनी गुळाची माती बदलायला लावली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

आता, अटेंडंटकडे एकच किल्ली असते असं समजणारी माणसं भोळी. दुसरी बाईंच्या एप्रनच्या खिशात होती. आणि बाईंचा भरवसा जगात फक्त एका माणसावर नव्हता, तो म्हणजे त्या स्वतः. संध्याकाळी त्या गेटबाहेर बंटीच्या टपरीवर गेल्या. बंटीचे पोहे खाल्ल्याशिवाय त्या कॉलेजात ना कुणी पास झालं, ना नापास.

“बंटी भिया, ही चाबी शेवेच्या बरणीत टाका. मी मागितली तरी द्यायची नाही.”

“तुमचीच चाबी तुम्हालाच नाही? लफडा काय है, दीदी?”

“रोऊन मागितली तरी नाही. सोमवारपर्यंत.”

बंटीने खांदे उडवले आणि किल्ली शेवेत खुपसली.

घरी नथू वाट बघत बसले होते. नथू म्हणजे बाईंचे यजमान. सांवेर रोडच्या कारखान्यात यंत्रांच्या रबरी गॅस्केट कापण्यात त्यांची उभी नोकरी गेली. आता निवृत्त, आणि कापायला काही नाही म्हणून भाजी फार बारीक चिरतात.

“मी सोमवारपर्यंत जेवणार नाही,” बाईंनी जाहीर केलं. “ती सहाजणं उपाशी, तर मीपण. चहा घेईन.”

“तू?” नथूंची सुरी थांबली. “आपल्या घरात तीन पिढ्यांत कुणी उपास धरला नाही, आणि तू धरतेस तो जिरेनियमसाठी?”

“टिंगल करायची नाही.”

“नाही करत. मी जेवू ना पण?”

शनिवार कसाबसा गेला. रविवारी सकाळपासून अख्खं इंदौर खायला बाहेर पडलेलं, गल्लीत जिलेबीचा वास, आणि बाईंच्या डोळ्यांपुढे कपाटातली सहा पानझुकली डोकी. अकरा वाजता त्या टपरीवर हजर.

“बंटी भिया, चाबी द्या.”

“नाही.”

“अरे, फक्त पाणी घालते त्यांना.”

“नाही बोललो ना, दीदी. तुम्हीच तर बोलल्या होत्या.” बंटीने नेहमीची प्लेट भरली. “हे घ्या, पोहे खा.”

“नको.”

टपरीवरची चार डोकी वळली. इंदौरमध्ये सकाळी पोह्यांना नको म्हणणारा माणूस एक तर परगावचा, नाहीतर आजारी. बंटीने कढईखालचा गॅस बारीक केला. “तबियत बरी है ना? नथूजींना फोन लावू?”

“तबियतीला काय धाड भरलीय! चाबी द्या.”

“असं करा,” बंटी मोठ्या शहाणपणाने म्हणाला, “आधी पोहे खा. मग चाबीचं बघू.”

बाईंनी विचार केला. किल्ली मिळवायची तर खाल्लं पाहिजे. खाल्लं तर उपास मोडतो. पण उपास मोडला तर जिरेनियमला कोण सांगणार आहे? त्यांनी प्लेट घेतली. वर शेव, कांदा, जिरावण मसाला, लिंबू. एक संपली. दुसरी त्यांनी स्वतःच मागितली. मग अर्धा पाव जिलेबी. आणि काय सांगावं, पोट भरलं तशी दया एकदम आटोक्यात आली. कपाटातली ती झुकलेली डोकी डोळ्यांपुढून गेली, आणि त्यांच्या जागी तळघरातली ट्यूबलाइट आली, एक डोळा मिचकावणारी.

“घ्या चाबी,” बंटीने बरणीत हात घातला.

“राहू दे,” बाई हात झटकून म्हणाल्या. “एवढे दिवस भूक त्यांना लागली है असं मला वाटत होतं. ती तर मलाच लागली होती.”

आणि रिक्षात बसता बसता त्यांच्या डोक्यात दुसरं काहीतरी शिजायला लागलं. घरी येऊन त्यांनी काळा कागद नथूंपुढे टाकला. “पाच अक्षरं कापायची है. तळहाताएवढ्या पानावर बसली पाहिजेत.”

नथूंनी अक्षरं वाचली, बायकोकडे बघितलं आणि जुनी पटाशी काढली. माणूस तीन तास खुशीत होता. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ त्यांनी मुद्दाम सोडून दिली, कारण ती कापली तर ‘प’चं पोट निसटून पडतं. ‘व’च्या पोटाला दोन बारीक टाके ठेवले.

सोमवारी नऊला मॅडमनी कुलूप काढलं. कुंड्या मलूल पण शाबूत. बाईंनी पर्समधून कागद काढून सगळ्यात मोठ्या पानावर बसवला, मागूनही एक लावला, चार क्लिपा मारल्या. मॅडमनी वाकून वाचलं आणि ताठ झाल्या.

“ही सरळ सरळ खुशामत आहे!”

“खुशामत पान करणार है, मॅडम. आपण तर फक्त कागद लावला.”

“आणि पान पुरतं उपाशी नसेल तर? सगळंच निळं होईल. साहेबांच्या नावाचा डाग!”

“उपाशी है. शेवेच्या बरणीची शपथ.”

मॅडमना यातलं काही कळलं नाही, पण शपथ पटली. कुंडी गच्चीवर गेली. आणि नेमकं आभाळ भरून आलेलं. जानेवारीतलं राखाडी, निर्लज्ज आभाळ. बाई कुंडीशेजारी उभ्या राहून वर बघत होत्या, आणि तीन वर्षं चोरून दिलेली धूप आज हक्काने मागताना त्यांना फार लाज वाटत होती. साडेदहाला ढग फाटले. बाईंनी कुंडी उन्हामागे सरकवत सरकवत अडीच वाजवले.

तीनला प्रतापराव आले, घड्याळ बघत. “हं. दाखवा.”

मॅडमनी पान तोडून कागद झटकन उतरवला. हिरवंगार पान, त्यावर काहीही नाही. ते उकळत्या पाण्यात गेलं. मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या नळीत गेलं, आणि हिरवा रंग उतरून स्पिरिटमध्ये आला. पान जुन्या कागदासारखं पांढुरकं झालं. बाईंनी ते चिमट्याने उचलून पाण्यात धुतलं, बशीत पसरलं. ड्रॉपरमधून आयोडीन पडलं.

एक क्षण सगळीकडे तपकिरी.

मग मधोमध काहीतरी गडद व्हायला लागलं. आधी एक तिरकी रेघ, मग कान्याचा दांडा. आजूबाजूचं पान फिकं ते फिकंच. प्रतापरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला. बशीत निळ्याकाळ्या, स्वच्छ, रेघेविना अक्षरांत लिहिलं होतं: प्रतापराव.

प्राचार्य बशीपाशी सरकले.

“हे... हे कुणी लिहिलं?”

“उन्हाने, सर,” वसुंधरा मॅडम म्हणाल्या. सकाळी तत्त्वांवर ताठ झालेल्या, पण आता सुरात सूर मिसळायला चुकल्या नाहीत. “जिथे प्रकाश पोचला, तिथेच पानाने अन्न केलं. जिथे नाही, तिथे फिकं.”

“म्हणजे झाडाने माझं नाव...” ते बशीवर इतके वाकले की टाय आयोडीनमध्ये जाता जाता राहिला. “‘व’ जरा फिका आहे.”

“सकाळी ढग होते, सर,” बाई म्हणाल्या. “त्याच्यावर आपलं काही चालत नाही.”

ऑफिसमधून कॅमेरा आला. बशीसह फोटो निघाले, बशी हातात धरून निघाले, बशीकडे कौतुकाने बघताना निघाले. स्मार्ट रूमचा विषय कुणी काढला नाही, आणि काढण्याइतकं तिथे कुणी मूर्खही नव्हतं. दारापर्यंत जाऊन प्रतापराव परत फिरले आणि आवाज खाली आणला.

“गिरिजाबाई, पुढच्या महिन्यात वार्षिक समारंभ आहे. पूर्ण नाव येईल का? म्हणजे आधी डॉक्टर, मग वडिलांचं नाव, आडनाव, खाली एम.ए., पीएच.डी.?”

बाईंनी गंभीरपणे हाताने लांबी मोजली. “एवढं नाव जिरेनियमवर नाही बसणार, सर. केळीचं पान लागेल. आणि केळ या अलमारीत कशी कोंडू? तिलापण आधी उपाशी ठेवावं लागेल.”

प्रतापरावांनी कपाटाकडे बघितलं, छताकडे बघितलं.

“मॅडम, मोठ्या कपाटाची मागणी लिहून द्या,” ते म्हणाले. “याच भिंतीला बसेल असं बघा. केळ आरामात उभी राहिली पाहिजे.”