कपाटातला आवाज

शाळेत कुठलीही नवी वस्तू आली, की गुरुजी ती आधी पहिलीतल्या एखाद्या पोरीच्या हातात द्यायचे. "पाहू दे तिले," म्हणायचे. मग तो पृथ्वीगोल असो की वजनकाटा. इकडे माझा जीव टांगणीला. मी मुख्याध्यापक, डेड स्टॉक रजिस्टरवर सही माझी. हरवलं-फुटलं तर जबाबदार मी.

डोणगावकडची आमची दोन शिक्षकी शाळा. अशा शाळेत तुम्ही वर्षं काढली असतील, तर तुम्हाला असा एखादा गुरुजी नक्की भेटला असेल. गावाने वर्गणी काढली आणि आमच्या दोघांत वाद सुरू झाला. चार टॅबलेट घ्यायचे की एक लॅपटॉप?

"टॅबलेट घ्या, सर. पोट्टे घरी नेतीन, वावरात नेतीन."

"आणि फोडले म्हणजे?"

"काऊन फोडतीन? अन् फुटलं तं फुटलं. लॅपटॉप तुमच्या कपाटात जाईन."

गुरुजींना घाई होती. घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यात आवाज जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी पहिलीच्या सगळ्या कविता आपल्या आवाजात भरून ठेवायच्या, त्या घरोघरी वाजाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं. मी लॅपटॉप घेतला. टिकतो म्हणून.

त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. आठ दिवस शाळा सुटल्यावर लॅपटॉपपुढे बसून कविता म्हटल्या आणि ऑपरेशनला गेले. मी लॅपटॉप पुसून कपाटात ठेवला. शाळेची तपासणी होऊ दे, मग लावू, असं म्हणत राहिलो.

ऑपरेशननंतर त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर त्यांनी पाटीवर लिहिलं, 'पोट्ट्याईले आयकवलं का?'

मी "हो" म्हणालो.

'संगं म्हणतात का?'

त्यालाही हो म्हणालो. ते इतके खूश झाले, की मला तिथे बसवेना. त्या खोटेपणाची आजही लाज वाटते.

दिवाळीच्या सुटीत गुरुजी गेले. शाळा उघडली त्या सकाळी, मुलं यायच्या आधी, मी लॅपटॉप काढून चार्जरला लावला. आवाज स्वच्छ आला. गुरुजी एक ओळ म्हणाले, "म्हणा आता" म्हणाले आणि थांबले. वर्गाला ओळ म्हणायला लागतो, तेवढा वेळ. मग म्हणाले, "शाब्बास!"

पुढची ओळ. पुन्हा थांबले. या वेळी मी म्हणायला गेलो, पण ओळ अर्धीच राहिली.

"शाब्बास!" गुरुजी म्हणाले.