शालूबाईंचा राहिलेला फोटो

शमशेरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. तासगावच्या बेदाणा शेडवर तीस वर्षं राबलेला माणूस. काम सोडून चार वर्षं झाली तरी डोळे चारलाच उघडायचे. मग तो कॅमेरा पुसत बसे. रशियन बनावटीचा झोर्की, विटेसारखा जड, तरुणपणी औंधच्या एका सुभेदाराकडून घेतलेला. त्याची एक शिस्त होती. आधी चावी फिरवून रोल पुढे घ्यायचा, मगच शटरच्या वेगाच्या चकतीला हात लावायचा. उलटं केलं की यंत्र बिघडतं. ही शिस्त शमशेरला पटायची.

शेडवर त्याच्या बरोबरीनं काम केलेल्या शालूबाईंचा यंदा शेवटचा हंगाम. पुढं लेकीकडं साताऱ्याला जायचं होतं. त्या म्हणाल्या, "शमशेरभाई, जायच्या आधी माझा कामावरचा एक फोटो काढा. आधार कार्डावरची ती बाई कोण हाय, मलाच ठावं न्हाई."

माल पसरायच्या शेवटच्या दिवशी तो शेडवर गेला. जाळीवरच्या द्राक्षांवर औषधाचा फवारा चालू होता. तुषार बसू नयेत म्हणून त्यानं कॅमेऱ्याचा डावा भाग फडक्यात गुंडाळला. दिवसभर शालूबाईंना मान वर करायला लावून, नेम धरून एकेक फोटो घेतला. छत्तीस झाले, रोल संपायला हवा होता. सदतिसाव्यालाही चावी फिरली. अडतिसाव्यालाही. शमशेरचे हात थांबले.

रोलचा पट्टा आत चाकाला अडकलाच नव्हता. तो सरकत असला की डावीकडची खुंटी फिरते, आणि खुंटी तर फडक्याखाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं शालूबाईंना सरळ सांगितलं, "एकबी आला न्हाई."

"मग दिसभर माझी मान कशाला मोडली?"

"चला की, परत काढू."

"आवं, बागांचा माल यायचा संपला. जाळीवर आता काय पसरू? वारा?"

शमशेर चार दिवस सायकलवरून शेडं हिंडला. सावळजच्या वाटेवर मतीनच्या शेडवर उशिराच्या बागेचा माल यायचा होता. मतीन म्हणाला, "चाचा, मोकळी माणसं मधी नकोत. हजेरीवर येत असाल तर या."

"येतो. दोघंबी येतो."

साठी उलटलेल्या दोघांनी सकाळपासून क्रेट उचलले, माल औषधात बुडवला, जाळीवर पातळ पसरला. घडावर घड पडला की शालूबाई ओरडायच्या, "भाई, फोटो काढून काढून हात इसरला व्हय?"

दुपारी शमशेरनं साबणानं हात धुतले. रोल नव्यानं भरला. चावी फिरवली, खुंटी फिरली. शेडात उजेड कमी. खांबाला पाठ टेकून, श्वास धरून त्यानं खटका दाबला. शालूबाईंनी मान वर केली नाही. त्या गुंतलेला घड सोडवत होत्या.

त्या दिवसाचे शमशेरच्या हजेरीचे पैसे पुण्याला रोल धुवायला गेले. शालूबाईंनी आपल्या हजेरीतून फोटोला काच बसवून घेतली.