पिंगळ्यांची ढोली

कपाट आवरताना दुर्बिणीच्या पेटीचा कुबट वास आला आणि मी पंधरा वर्षांपूर्वीच्या कल्याणच्या खाडीकाठी जाऊन पोहोचलो. पक्षी बघायला लागून मला जेमतेम महिना झालेला. पौषातली सकाळ, सगळं चिडीचूप. शेजारच्या लेलेकाकूंनी शिरीषाच्या ढोलीकडे बोट केलं. दोन पिंगळे एकमेकांना चिकटून, डोळे मिटून ऊन खात होते.

"अरे, श्वास तरी घे!" काकू हसल्या. "आणि जागा कुणाला सांगायची नाही हं. फक्त सुमनला माहितीये, आणि आता तुला."

मी त्याच दुपारी पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, जागेसकट. काकू त्या ग्रुपवर नव्हत्या. मला नुसतं कौतुक हवं होतं. रविवारी झाडाखाली वीसेक कॅमेरे जमले, कुणीतरी खोडावर काठी आपटत होतं. पिंगळे गेले ते गेलेच.

"तू नाही ना रे सांगितलंस?"

"नाही काकू."

"मग सुमनच."

सुमनताई त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. काकूंनी तिच्याशी बोलणंच सोडलं. काकूंच्या शेवटच्या आजारपणात ती भेटायला आली, तेव्हा दार मी उघडलं. आतून काकू म्हणाल्या, "तिला परत पाठव."

मी पाठवलं.